तुम्ही विचारलंत म्हणून: करार बाकी असताना अँड्र्यू लक खेळ सोडून का गेला?

मी इंडियानापोलिसला राहते हे कळलं आणि समोरचा माणूस अमेरिकन फुटबॉल थोडाफार पाहणारा असला, की हा प्रश्न येतोच. पुण्याहून भाचा फोनवर विचारतो. इथल्या गणपतीत भेटलेली, नुकतीच आलेली मुलं विचारतात. "तुमचा तो अँड्र्यू लक, तीन वर्षांचा करार शिल्लक असताना २९व्या वर्षी घरी बसला. संघाला फसवलंच ना त्याने?"

मी दर वेळी "नाही" म्हणते आणि मग चहा गार होईपर्यंत बोलत राहते. आज लिहूनच टाकते.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडं. लक आमच्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की डाव सुरू होतो. चेंडू कुणाकडे फेकायचा हे शोधत तो लांब नजर लावून उभा असतो, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येतात. चेंडू सुटायच्या आत त्यांनी त्याला आडवं केलं तर त्याला सॅक म्हणतात. २०१२च्या पहिल्याच हंगामात लक ४१ वेळा असा आडवा झाला. २०१६ साली पुन्हा ४१ वेळा. चेंडू हातातून सुटल्यानंतर बसलेले धक्के या आकड्यात धरतच नाहीत.

आता कराराचं. करार म्हणजे शब्द, असं मला ऐकवणाऱ्यांना मी आधी २०१२च्या मार्चमध्ये नेते. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक तेव्हा पेटन मॅनिंग होता. हे शहर फुटबॉलवेडं झालं ते त्याच्यामुळे. आदल्याच वर्षी त्याने पाच वर्षांचा, नऊ कोटी डॉलरचा करार केला होता. पण मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो २०११चा अख्खा हंगाम खेळू शकला नाही, आणि २ कोटी ८० लाख डॉलरचा पुढचा बोनस देण्याची वेळ यायच्या अगदी तोंडावर क्लबने त्याला मोकळं केलं. करार तेव्हाही शिल्लक होता, चार वर्षांचा. लोक रडले, पण क्लबने फसवलं असं म्हणणारं मला कुणी भेटलं नाही. धंदा आहे, म्हणाले. त्याच रिकाम्या जागेवर दोन महिन्यांच्या आत लक आला. क्लबने करार सोडला तर तो धंदा आणि खेळाडूने सोडला तर दगा, हा हिशेब मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

पैशांबद्दलही गैरसमज फार आहे. एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, करारावर २०२१ लिहिलं म्हणजे २०२१पर्यंतचा सगळा पगार पक्का, असं नसतं. पक्की रक्कम त्यातला एक भाग असते. सहीच्या वेळी मिळणारा बोनस म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीसारखा. परिस्थितीची तुलना करायची नाही मला, व्यवहाराची जात तेवढी तीच: पैसे आधी, काम नंतर, आणि मध्येच सोडलं तर उरलेल्याचा हिशेब. लकने २०१६ साली नवा करार केला होता, २०२१पर्यंतचा. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडून सुमारे अडीच कोटी डॉलर परत मागायचा हक्क क्लबला होता. डेट्रॉइटच्या संघाने असेच लवकर निवृत्त झालेल्या आपल्या बॅरी सँडर्सकडून आणि पुढे कॅल्विन जॉन्सनकडून बोनसचा काही भाग वसूल केला होता. कोल्ट्सने लककडून एक पैसाही मागितला नाही. आणि पुढच्या तीन हंगामांचा पगार? निवृत्त झाल्यावर तो मिळत नाही. त्यालाही मिळाला नाही.

मग तो गेला कशासाठी? त्याच्या अंगाची यादी वाचा. बरगड्यांची कूर्चा फाटलेली. पोटाचा स्नायू अर्धवट फाटलेला. मूत्रपिंडाला जखम होऊन लघवीतून रक्त. डोक्याला मार. आणि ज्या खांद्याने चेंडू फेकायचा तोच खांदा आतून फाटलेला. तो खांदा दुखावला २०१५ साली, शस्त्रक्रिया झाली २०१७च्या जानेवारीत. म्हणजे मधला २०१६चा हंगाम तो दुखऱ्या खांद्यावरच खेळला. धड सरावही करता येत नसे. आम्ही तेव्हा टाळ्या वाजवत होतो. २०१७ साली तो एकही सामना खेळू शकला नाही.

२०१८ साली तो परतला. पहिल्या सहापैकी पाच सामने हरूनही संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेरीत, गेला. लकचे ३९ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे फेके, आणि सॅक फक्त १८. त्यामुळेच भाचा म्हणतो, "आता तर बरं चाललं होतं!" पण पुढच्या वसंतात पोटरी आणि घोटा दुखायला लागला, आणि ते दुखणं ऑगस्ट आला तरी हटेना. निवृत्तीच्या वेळी तो जे बोलला, त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं: २०१६ साली वेदना सोसत खेळल्यानंतर त्याने स्वतःशी शपथ घेतली होती की त्या वाटेने पुन्हा जायचं नाही. दुखापत, वेदना, उपचार, पुन्हा दुखापत, या फेऱ्याने खेळातला आनंदच संपवला, असं तो म्हणाला. क्लबला दिलेला शब्द एका बाजूला, स्वतःला दिलेला दुसऱ्या. त्याने दुसरा पाळला. मला तो मोठा वाटतो तो यासाठी.

२४ ऑगस्ट २०१९च्या रात्री मी मुलाला घेऊन लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. शिकागो बेअर्सशी सरावाचा सामना होता. लक साध्या कपड्यात मैदानाच्या कडेला उभा होता. निवृत्ती तो दुसऱ्या दिवशी जाहीर करणार होता, पण बातमी आधीच फुटली. एकेका रांगेत फोन उजळत गेले. सामना संपून तो आत जाऊ लागला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. पुढे पत्रकारांसमोर तो म्हणाला की ते ऐकू आलं आणि लागलं.

मी हुर्यो उडवली नाही. पण माझ्याही मनात पहिल्यांदा आला तो हंगामाचाच विचार: दोन आठवड्यांवर आला, आता खेळणार कोण? मुलगा नऊ वर्षांचा होता, १२ नंबरची निळी जर्सी घालून बसलेला. गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, त्याला दुखत होतं हे सगळ्यांना माहीत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"तुलापण?"

"मलापण."