स्लेडवरची ती चाचणी आणि डेल अर्नहार्ट

मी मिशिगनमध्ये एका क्रॅश-टेस्ट लॅबमध्ये काम करतो. त्या दिवशी रेसिंग ड्रायव्हरची मान वाचवणाऱ्या ‘हान्स’ या खांद्यावरच्या कॉलरची चाचणी होती. ती बघायला एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा गावाकडच्या मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतो. बापाच्या काळ्या टोपीवर तिरका 3 होता. इथे हा आकडा दिसला की नाव सांगावं लागत नाही.

डेल अर्नहार्ट. 3 हा त्याच्या गाडीचा नंबर. नॉर्थ कॅरोलिनातल्या कनापोलिस या गिरणगावचा, नववीत शाळा सोडलेला पोरगा. वडील राल्फही रेसर. 1980 ते 1994 दरम्यान नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींची, सात विजेतेपदं, 76 शर्यती खिशात. फक्त डेटोना 500, नॅस्कारची सगळ्यात मानाची शर्यत, त्याला हुलकावणी देत राहिली. 1998 मध्ये, विसाव्या प्रयत्नात, ती मिळाली तेव्हा प्रतिस्पर्धी संघांची माणसं पिट रोडवर, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबण्याच्या रस्त्यावर, रांगेत उभी राहून त्याच्या हातात हात देत होती. असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

‘‘डेलनं असलं काही कधी घातलं नाही,’’ बाप अभिमानानं म्हणाला. मी वाद घातला नाही, फिल्म लावली.

पहिली चाचणी हान्सशिवाय. स्लेड, म्हणजे रुळांवरची चाचणीची गाडी, एकदम थांबते, पट्टे डमीची, म्हणजे माणसासारख्या पुतळ्याची, छाती घट्ट धरतात, पण डोकं धरायला काहीच नसतं. हेल्मेटसकट ते पुढे निघतं आणि डमीची रबरी मान ताणली जाते. मी तिथेच चित्र थांबवलं. मुलानं नकळत स्वतःच्या मानेला हात लावला.

18 फेब्रुवारी 2001. डेटोनाचा शेवटचा लॅप, पुढे त्याच्याच मालकीच्या संघाचा मायकेल वॉल्ट्रिप आणि मुलगा डेल ज्युनियर. तिसऱ्या नंबरवरचा अर्नहार्ट भिंतीवर आदळला. बघणाऱ्यांना वाटलं, आता उतरेल. पण कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं, तो गेला. आदल्याच वर्षी अ‍ॅडम पेटी आणि केनी अर्विन हे नॅस्कारचे ड्रायव्हर याच इजेनं गेले होते. आणि उपाय, म्हणजे हान्स, तयार होता! प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी तो 1980च्या दशकातच बनवला होता. नॅस्कारनं डोकं-मान धरणाऱ्या अशा साधनाची सक्ती केली ऑक्टोबर 2001 मध्ये. त्यानंतर नॅस्कारच्या सर्वोच्च अशा कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. छोट्या ट्रॅकवर मात्र आजही सगळीकडे सक्ती नाही, याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या फिल्ममध्ये खांद्यावरच्या कॉलरचे दोन पट्टे हेल्मेट मागून ओढून धरतात. डोकं छातीबरोबरच थांबतं.

‘‘त्या दिवशी हे असतं तर?’’ बापानं विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. त्याचा कमरेचा पट्टाही तुटला होता, त्यामुळे छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. पण माझा मुलगा असता, तर याशिवाय मी त्याला गाडीत बसू दिलं नसतं.

मुलानं कॉलर चढवून बघितली. मान वळवायला अडचण होते म्हणाला. मी पट्ट्यांची लांबी थोडी वाढवून दिली. बापानं ते नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘हेल्मेटला याचे हुक कुठे बसवून मिळतील?’’