मोर्सचा सराव: फोन कानाशी, पडदा पालथा

सोमवार

मोर्स, म्हणजे आखूड-लांब आवाजांनी अक्षरं पाठवायची लिपी, शिकवणारा कुठलाही प्रोग्रॅम फोनवर उघडला की बहुधा आधी तक्ता समोर येतो. ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे रेघ आणि पुढे तीन टिंबं. नव्यानं शिकणारा तो पाठ करायला बसतो आणि तिथेच घोळ होतो. तक्ता पाठ असला की अक्षर ऐकल्यावर डोकं आधी टिंबं मोजतं, मग तक्त्यात शोधतं, मग पेन्सिल हलते. मिनिटाला पाच-सात शब्दांपर्यंत हे निभतं. दहाच्या आसपास मोजणी संपायच्या आत पुढचं अक्षर निघून गेलेलं असतं, आणि माणूस त्याच वेगाला महिनोन्‌महिने अडकतो. तेव्हा तक्ता बंद, फोन पालथा.

खरी मेख सेटिंगमध्ये आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये वेगाचे दोन आकडे असतात: अक्षराचा वेग आणि एकूण वेग. पहिला १८ ते २० ठेवायचा, दुसरा ८ किंवा सुरुवातीला त्याहूनही कमी. या पद्धतीला फार्न्सवर्थ म्हणतात. हिशेब असा. 'पॅरिस' हा इंग्रजी शब्द प्रमाण धरतात. तो ५० मात्रांचा: ३१ मात्रा अक्षरांच्या, १९ मोकळ्या जागेच्या. टिंबाचा आवाज म्हणजे डिट, एक मात्रा. रेघेचा आवाज म्हणजे डा, तीन मात्रा. डिटची लांबी काढायला १२०० ला वेगानं भागायचं. वेग १८ असेल तर डिट सुमारे ६७ मिलिसेकंद. ३१ मात्रांना दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. एकूण वेग ८ ठेवला तर एका शब्दाला साडेसात सेकंद मिळतात, आणि उरलेला सगळा वेळ जागांमध्ये वाटला जातो. दोन अक्षरांमधलं अंतर २०० मिलिसेकंदांवरून साडेआठशेच्या पुढे जातं. अक्षर झर्रकन येतं, मोजता येत नाही, पण ओळखायला आणि लिहायला सवड मिळते. पुढे वेग वाढवताना फक्त ही सवड कमी करत न्यायची, अक्षराच्या सुरावट-ठेक्याला हात लावायचा नाही.

बुधवार

अक्षरांचा क्रम. एबीसीडीनं जायचं नाही, आणि 'सोपी आधी' म्हणून ई, आय, एस, एच अशी नुसत्या डिटांची रांगही लावायची नाही. ती रांग मोजायलाच शिकवते. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांची पद्धत बरी: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण दोनच अक्षरं. आजच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ती के आणि एम असतात. डा-डि-डा आणि डा-डा. पाच-पाच अक्षरांचे गट ऐकून लिहायचे आणि शंभरातली नव्वद बरोबर आली की आर, मग एस, यू, ए अशी एकेक भर घालायची. नवं अक्षर आलं की टक्केवारी घसरतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. रोज दोन बैठका जमल्या तर उत्तम, रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

सुटलेलं अक्षर सोडून द्यावं, आडवी रेघ मारून पुढे जावं. 'काय होतं बरं ते' म्हणत थांबलं की पुढची तीन जातात. रेघ मारणं आणखी एका कारणासाठी गरजेचं: काही साधे प्रोग्रॅम जागेला जागा जुळवून तपासतात, त्यामुळे एक जागा चुकली की पुढचा सगळा गट लाल होतो.

अडणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत. एच आणि ५, बी आणि ६, एल आणि एफ, क्यू आणि वाय. प्रोग्रॅममध्ये अक्षरं निवडायची सोय असेल तर फक्त ती जोडी आणि सोबत नीट येणारी दोन अक्षरं घेऊन पाच मिनिटं ऐकावं. दरवेळी नवे गट तयार करणारा प्रोग्रॅमच घ्यावा. साठवलेली फाइल चौथ्या वेळेला पाठ झालेली असते, आणि पाठ झालेलं ऐकणं हा सराव नव्हे.

शुक्रवार

फोनचे स्वतःचे काही त्रास. सूर ६०० ते ७०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा. फार खालचा सूर फोनच्या इवल्या स्पीकरला पेलत नाही. लिहायला कागद-पेन्सिल. फोनवरच टाइप करायचं असेल तर शब्द सुचवणारी आणि आपणहून दुरुस्त करणारी सोय आधी बंद करावी, नाहीतर ती गटांचे शब्द करून ठेवते.

ब्लूटूथचे काही इअरफोन शांततेत झोपी जातात आणि जागे होताना पहिला डिट गिळतात. मग एचचा एस होतो, एलचा डी, एफचा आर. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच कान कच्चा. चूक नेहमी गटाच्या पहिल्याच अक्षरात दिसली तर संशय इअरफोनवर घ्यावा. वायरवाला इअरफोन लावला की प्रश्न मिटतो. तो नसेल तर मजकुराआधी दोन-चार वेळा व्ही वाजेल अशी सोय करावी.

रविवार

पाठवण्याचा सराव पडद्यावर बोट आपटून करू नये. बोट टेकणं आणि आवाज येणं यात फोन थोडा वेळ खातो. ब्लूटूथवर हा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. वीसच्या वेगाला डिट साठाचा. म्हणजे डिट ऐकू येईपर्यंत हात पुढच्या खुणेवर पोचलेला असतो, आणि कान-हाताचा मेळ बिघडतो. मोर्स पाठवायची साधी की, म्हणजे दाबायची कळ, आणि सूर काढणारा छोटा ऑसिलेटर घ्यावा, आवाज तिथल्या तिथे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर, हालचाल मनगटातून. फोन बाजूला ठेवून त्याच्याकडे फक्त ध्वनिमुद्रणाचं काम द्यावं.

पाठवताना सगळ्यात जास्त बिघडतं ते अंतर. ए आणि एन चिकटले की पी होतो, टी आणि ई चिकटले की एन. आपलं आपल्याला ते कळत नाही, कारण काय पाठवलं ते आधीच ठाऊक असतं. मुद्रण दोन दिवस तसंच ठेवून मग कागदावर उतरवून घ्यावं.

आपल्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याच्या जनरल ग्रेडसाठी मिनिटाला ८ शब्दांची मोर्स मागत आले आहेत, घेणं आणि पाठवणं दोन्ही. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ती नाही. परीक्षेच्या तयारीत एक गोष्ट राहून जाते. समोरून अक्षरंच सावकाश आली, म्हणजे डिट १५० आणि डा ४५० मिलिसेकंदांचा, तर अठराच्या ठेक्याला सरावलेला कान बिचकतो, अक्षर संपण्याआधीच टी किंवा ई लिहून मोकळा होतो. शेवटच्या काही दिवसांत दोन्ही आकडे ८ वर आणून रोज पाच मिनिटं ऐकावं. पाच मिनिटं म्हणजे त्या वेगानं ४० शब्द, २०० अक्षरं. त्याआधी मात्र अक्षराचा वेग खाली आणू नये.