एकही उंदीर न पकडता उंदरांच्या प्रकल्पाला मंजुरी मिळवताना

एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला वाळवंटी उंदरांचा. हवामान बदलत गेलं तसं त्यांच्या जनुकांमधलं वैविध्य कसं घडलं, ते शोधायचं होतं. बेळगावात राहून वाळवंट कशाला, असं घरीदारी सगळ्यांनी विचारलं. पण आपल्याच जिल्ह्यात कणकुंबीला पावसाळाभर भिंती ओल्या राहतात आणि अथणीला ढग नुसते वरून जातात. शिवाय माझा मुख्य प्राणी, टाटेरा इंडिका हा जर्बिल (बिळात राहणारा, लांब शेपटीचा उंदीर), दख्खनच्या माळरानांपासून थेट सीरियापर्यंत पसरलेला आहे.

विषय, आराखडा, सरांची सही हे सगळं पटापट झालं. घोडं अडलं ते प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या, महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीपाशी.

माझ्या कामात जिवंत प्राणी नव्हताच. सायटोक्रोम-बी या १,१४० अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या घटकांच्या) जनुकाचे क्रम, म्हणजे त्या अक्षरांची ओळ, ठिकठिकाणच्या संशोधकांनी जेनबँक या ऑनलाइन संग्रहात ठेवलेले आहेत. कुणालाही ते फुकट उतरवून घेता येतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम जिवंत प्राण्यांसाठी आहेत, पण आमच्याकडे शीर्षकात ‘उंदीर’ दिसला की फॉर्म भरावाच लागतो. त्यात विचारलेलं: प्राणी कुठून आणणार, किती, पिंजऱ्याचं माप काय, भूल कोणती, शेवटी विल्हेवाट कशी. मी सगळीकडे ‘लागू नाही’ लिहिलं. फॉर्म परत आला.

“संख्येच्या रकान्यात आकडा पाहिजे की ओ,” खिडकीवरचे कारकून म्हणाले.

शून्य घातलं.

“शून्य प्राणी, मग मंजुरी कशाला मागताय?”

“मी मागत नाही ओ, विभाग म्हणतोय मंजुरीशिवाय प्रकल्प जमा करून घेणार नाही.”

“मग विभागाकडनं तसं लिहून आणा.”

विभाग म्हणाला, समितीनं आधी लिहून द्यावं. समितीची बैठक ठरायची आणि बाहेरचे सदस्य आले नाहीत म्हणून पुढे जायची. माझ्या वर्गातल्या मुलांच्या प्रकल्पांची प्रकरणं लिहून होत आली आणि माझा फॉर्म त्याच फायलीत पडून. अजून आठवलं की डोकं तापतं. काम करायला तयार असलेल्या मुलीला केवळ रकान्यासाठी अडवून ठेवणं मला आजही पटत नाही.

त्या दिवसांत वाचन मात्र भरपूर झालं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन थंडीत, नैर्ऋत्य मोसमी वारे दुबळे झाले होते. पुढे ते जोर धरू लागले आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी थारमधल्या डिडवाण्याच्या तळ्यात गोडं पाणी होतं. सहाराही त्या काळात गवताळ होता. आपल्याला वाटतं पाऊस म्हणजे सुकाळ, पण उघड्या वाळूत राहणाऱ्या उंदरासाठी पाऊस म्हणजे राहण्याची जागा आकसणं. कृष्णेच्या पुरात उंचवट्यांवर अडकलेल्या गुरांसारखे त्यांचे कळप कोरड्या तुकड्यांवर वेगवेगळे होतात. मग प्रत्येक तुकड्यातली जनुकं आपापल्या वाटेनं बदलतात, आणि तुकडा फार लहान असेल तर वैविध्य गळून जातं. पुन्हा कोरडं पडलं की उरलेले झपाट्यानं पसरतात. जनुकांत ते असं दिसतं: मधे एक सामान्य क्रम आणि भोवती त्याहून एखाददुसऱ्या अक्षरानं वेगळे असलेले पुष्कळ. हे चित्र पडद्यावर पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

सुटका झाली ती एका पानाच्या घोषणापत्रानं. ‘या कामात कोणताही प्राणी पकडला, पाळला वा मारला जाणार नाही, फक्त प्रकाशित क्रम वापरले आहेत’, खाली प्रत्येक क्रमाचा नोंदणी क्रमांक, सरांची सही. ते मी खिडकीवर न देता समितीच्या सचिवांच्या हातात दिलं आणि मंजुरी न मागता ‘सूट असल्याचं पत्र’ मागितलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचून सही केली. एवढं हलकं मला निकालाच्या दिवशीही वाटलं नाही.

तेव्हा तुमचाही विषय असा असेल तर फॉर्मला हात लावण्याआधी हे पत्र तयार ठेवा, आणि पोचेवर शिक्का घ्याच. प्रत्यक्ष सापळे लावणार असाल तर गोष्ट वेगळी. मग समितीबरोबर वनखात्याकडेही आधी विचारा, कारण वन्यजीव कायद्याच्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, २०२२ च्या दुरुस्तीत बदलल्या आहेत.

आणि हो, क्रम उतरवताना नमुन्याचं ठिकाण तपासा. कित्येक नोंदींत नुसतं ‘भारत’ एवढंच असतं. नमुना जैसलमेरचा की धारवाडचा हे कळल्याशिवाय पाऊसपाण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही, म्हणून तशा नोंदी मी सगळ्या बाजूला काढल्या.