बायोसच्या वरची ओळ

चवथीनंतरचा शनिवार होता. आमचा दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला होता, म्हणून फोंड्यातल्या त्या ऑफिसची किल्ली मी मागून घेतली. कर सल्लागार बाईंचं ऑफिस, चार कॉम्प्युटर, चारही बी३५० चिपसेटच्या एकाच मॉडेलच्या मदरबोर्डवर. बाईंच्या घरी पाच दिवसांचा गणपती, त्यामुळे ऑफिस बंद. २०२५ साली विवरणपत्रांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार होते. चारही जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हते. ते काढून रायझन ५ ५६००जी हे नवे प्रोसेसर बसवायचे आणि सोमवारी ऑफिस चालू करून द्यायचं, असं ठरलं होतं.

अशा कामात क्रम चुकवून चालत नाही. बायोस म्हणजे बोर्डवरच्या चिपमधला, मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. जुना बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. त्यामुळे आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करायचा आणि मग प्रोसेसर बदलायचा.

आणि त्याच्याही आधी आत्ता कुठलं व्हर्जन आहे ते बघायचं. यात मी कुणाचं ऐकत नाही. कधी बोर्डवर हवं ते व्हर्जन आधीच असतं, मग उगाच हात कशाला लावायचा? कधी जुन्यावरून थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी मारता येत नाही, मधलं एक टाकून पुढे जावं लागतं. काही बोर्डांवर तर एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही. बघायला अर्धा मिनिट लागतो: विंडोज आणि आर दाबायचं, एमएसइन्फो३२ टाइप करायचं, उजवीकडे यादी येते. त्यात ‘बायोस व्हर्जन/डेट’ ही ओळ. तिच्या खालीच ‘एसएमबायोस व्हर्जन’ असतं आणि फोनवर विचारलं की दहातले सहा जण तेच वाचून दाखवतात. ते वेगळं, त्याचा अपडेटशी काही संबंध नाही. बायोसच्या स्वतःच्या पडद्यावर तारीख बहुधा अमेरिकन पद्धतीची, महिना आधी. ०८/०९ म्हणजे आठ सप्टेंबर नव्हे, नऊ ऑगस्ट. म्हणून माझ्या वहीत महिना अक्षरात असतो. ग्राहक, बोर्ड, व्हर्जन, तारीख असे चार रकाने, गेली आठ वर्षं.

तीन मशीनवर एकच व्हर्जन निघालं. चौथ्यावर बरंच जुनं, २०१७ चं. त्याला मधला टप्पा लागणार हे वहीत लिहिलं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चारही मशीनवर तात्पुरतं थांबवलं, नाहीतर नंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं. पाऊस धो धो चालला होता आणि फोंड्यात असा पाऊस लागला की वीज जातेच, म्हणून घरचा यूपीएस घेऊन गेलो होतो. तीन मशीन दुपारपर्यंत झाली.

चौथ्यावर मधलं व्हर्जन टाकलं. मशीन नीट चालू झालं, बायोसमध्ये जाऊन नवं व्हर्जन डोळ्यांनी बघितलं. मग शेवटचं टाकलं. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, मशीन रीस्टार्ट झालं आणि पडदा काळा. पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवा नाही. सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली, सेल काढून ठेवला, एकच रॅम लावून बघितली. काही नाही.

तेवढ्यात बाईंचा फोन. मागे घुमट आरती रंगली होती.

“झालं का हो? आमचा डेटा?”

“ताई, डेटा डिस्कमध्ये आहे, त्याला धक्का नाही. बोर्ड बघतोय.”

बॅगेतून प्रोग्रामर काढला, चिप थेट वाचणारं-लिहिणारं यंत्र. बायोसची चिप म्हणजे आठ पायांचा काळा तुकडा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. भिंगाखाली अक्षरं वाचली: एमएक्स२५यू. त्यातला ‘यू’ म्हणजे १.८ व्होल्ट. ‘एल’ असता तर ३.३. हे न बघता क्लिप लावणारे मेकॅनिक मी पाहिलेत, चिप जाळून बोर्ड कंपनीच्या नावाने खडे फोडतात. १.८ चा अडॅप्टर लावला, चिप दोनदा वाचली, दोन्ही वाचनं जुळली. कंपनीच्या बायोस फाइलशी ताडून बघितलं, सेटिंग साठवायचा पट्टा सोडला तर बाइट न् बाइट तेच. म्हणजे फ्लॅश, चिपवर बायोस लिहिण्याचं काम, अगदी बरोबर झालं होतं.

मग काळं का? जवळजवळ तासभर मी त्या बोर्डासमोर बसून होतो. शेवटी मोबाइलवर बोर्ड कंपनीचं त्या व्हर्जनचं पान पुन्हा उघडलं. ‘नव्या प्रोसेसरांना सपोर्ट’ हे ठळक. त्याखाली, फिकट राखाडी अक्षरांत, जुन्या ए-सीरिजच्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढल्याची ओळ. चिप १६ एमबीची, नवे प्रोसेसर आत घ्यायचे तर कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. ज्या एका ओळीवर मशीन चालणं न चालणं ठरतं ती अशी लपवून छापायची, याचा मला अजून राग येतो.

हीटसिंक काढला, पेस्ट पुसली. खाली ए८-९६००, ए-सीरिजचाच. बाकी तिघांत रायझन ३ २२००जी होते. ए८ काढून खोक्यातला ५६००जी बसवला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली: नवा प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधला किल्ल्या ठेवायचा सुरक्षित कप्पा) रीसेट करू का, वाय की एन. वाय दाबलं. बोर्डाला काहीच झालेलं नव्हतं.

एमएसइन्फो३२ च्या यादीत ‘बायोस व्हर्जन/डेट’च्या बरोबर वरची ओळ ‘प्रोसेसर’ची असते. सकाळी चौथ्या मशीनवर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्या खालची ओळ वहीत उतरवली.

घरी येऊन वही मागे उलटत गेलो ते एका नोंदीसाठी. २०२३ चा पावसाळा, वाळपईचे एक निवृत्त मास्तर. याच चिपसेटचा बोर्ड, मीच अपडेट केला आणि पडदा काळा झाला. तेव्हाही चिप वाचली होती, फ्लॅश बरोबर होतं, म्हणून मी बोर्डच गेला असं सांगितलं. मास्तरांनी एका शब्दाने वाद घातला नाही. नव्या बोर्डाचे आणि प्रोसेसरचे पैसे दिले, वर चहा पाजला. जुना बोर्ड मी भंगारात टाकला.

नोंदीत बोर्डाचं मॉडेल आहे, व्हर्जन आहे, महिना अक्षरात आहे. प्रोसेसरचा रकाना नाही. मास्तरांना फोन करायला दोनदा मोबाइल हातात घेतला, पण त्यांना नक्की काय सांगायचं ते मला अजून जुळवता आलेलं नाही.