तुम्ही विचारलंत म्हणून: मूल सोडलं की केस कधी होते

"बाई, पोरगी आईकडं ठेवून गोव्याला कामाला गेलं तर केस घालतात काय?" कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अंगणवाडीत २१ वर्षं काढली, त्यात हे किती जणींनी विचारलं त्याचा हिशेब नाही, रिटायर झाल्यावर पण फोन येतात. तुम्ही पण विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

नाही होत केस. पोरगी आजीजवळ आहे, तुम्ही पैसे पाठवताय, फोन करताय, जत्रेला येताय, ह्याला टाकणं म्हणत नाहीत. गुन्हा कधी होतो, तर १२ वर्षांखालचं मूल कायमचं टाकायचं असं मनात धरून कुठंतरी ठेवून निघून गेलं की. पूर्वी आयपीसीचं ३१७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ आहे, ७ वर्षांपर्यंत जेल नाहीतर दंड नाहीतर दोन्ही. आणि त्यात बाळ दगावलं तर खुनाची किंवा सदोष मनुष्यवधाची केस वेगळी चालू शकते.

आणि त्या कलमात "बाप किंवा आई" असं लिहिलंय, बाप आधी. आमच्याकडं बाळ सापडलं की सगळा गाव आईला शोधतो, बापाचं नाव कुणी काढत नाही, ह्याचा मला फार राग येतो. सोडून गेलेल्या बापाकडून पोराची पोटगी मागता येते, लग्न झालेलं नसलं तरी, हे पण पोरींना कुणी सांगत नाही.

दुसरा कायदा बालन्यायाचा, २०१५ चा, तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागतो. त्याच्या कलम ७५ मध्ये मूल सोडलं तर ३ वर्षं किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही, पण त्यातच लिहिलंय की जन्मदात्यांची परिस्थिती खरंच हाताबाहेर गेलेली असली तर ते मुद्दाम सोडलं असं धरायचं नाही आणि ती शिक्षा लागत नाही. आणि सोडायचंच असेल तर सरळ वाट आहे, कलम ३५, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं जायचं (बोर्डावर कन्नडमध्ये मक्कळ कल्याण समिती असं असतंय), ते आधी समजावतात, मग कागद करतात, आणि नंतर २ महिने विचार बदलायला देतात. नवराबायको असतील तर दोघांची सही, लग्न न झालेली आई असली तर तिची एकटीची चालते. फक्त परस्पर कुणाला देऊ नका हो, "त्यांना मूल नाही, सुखात ठेवतील" म्हणून दिलं तरी केसच्या भानगडीत अडकू शकता, आणि पैसे घेतले तर ५ वर्षांपर्यंत जेल. सापडलेलं बाळ पण घरी ठेवायचं नाही, १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाईन) नाहीतर पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचं, न कळवणं हा पण गुन्हाच.

हे सगळं मला पण आधी माहीत नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी आषाढात, पाऊस धो धो, एक पोरगी पहाटे दारात, पोटाशी आठ दिवसांचं बाळ, लग्न झालेलं नाही. म्हणाली, "बाई, बेळगावच्या स्टँडवर ठेवलं तर कुणीतरी बघेल न्हवं?" मी तिला आधी चहा दिला, मग एका ऑफिसात घेऊन गेले, तिथल्या माणसानं सगळ्यांसमोर तिला नको ते बोललं आणि पुढं कन्नडमधला कागद टाकला, तिला वाचता येईना, मला अर्धाच. दुसऱ्या दिवशी समितीपुढं गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी दार लावून घेतलं, मराठीत एकेक ओळ वाचून दाखवली, "ठरवलेलं बदलू शकतेस, ६० दिवस आहेत" म्हणून दोनदा सांगितलं. तिनं सही केली.

त्या ६० दिवसांत ती माझ्याकडं तीनदा आली. दर वेळी बसायची, तांदूळ निवडू लागायची, बाळाचं नाव काढायची नाही, मीही काढलं नाही. मुदत संपल्यावर चार दिवसांनी आली आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "बाई, थंडी पडायला लागली की, तिकडं त्याला स्वेटर घालतात काय?"