तुम्ही विचारलंत म्हणून : वाजवताना माझे ओठ का हलतात

"वाजवताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" मी गिटारवर ब्लूज वाजवते, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून आलेलं संगीत, आणि कुठेही वाजवलं की नंतर कोणीतरी हे विचारतंच. काहींना वाटतं मी गाण्याचे शब्द म्हणते. मोजते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ब्लूज म्हणजे तर फील, मग मोजायचं कशाला? आणि ज्यांना आमचं घर माहितीये ते वर म्हणतात, बाबा तबला वाजवतात आणि तुला अजून मोजावं लागतं? इतकी वर्षं मी विषय बदलत आले, आता एकदा नीट सांगते.

हो, मोजते. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, असं बारापर्यंत. पहिला आकडा बारचा, म्हणजे चार ठोक्यांच्या गटाचा, बाकीचे बीटचे, म्हणजे त्यातल्या ठोक्यांचे. अशा बारा बारची एक फेरी. बारा संपले की परत एक. सोलो वाजवतानाही आणि मागे ऱ्हिदम धरतानाही.

मोजायचं नसतं असं मीच एके काळी सगळ्यांना सांगत फिरायचे, हे आधी कबूल करते. २०११ ला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत बडी गाय या अमेरिकन ब्लूज गिटारवादकाला ऐकलं आणि डोकं पार फिरलं. त्यानंतर तीनेक वर्षं घरी रेकॉर्डिंग लावून त्याच्यावर वाजवत बसायचे. रेकॉर्डिंगवर चुकलं तरी गाणं पुढे जातच राहतं, चार बारनंतर आपण आपोआप सापडतो आणि चुकलो होतो हेही कळत नाही. त्याला मी फील म्हणत होते. खरं तर मी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलल्याचं ऐकायचे आणि मागून जायचे. ए, डी, ई ही कॉर्डची नावं. ए मध्ये वाजवतोय, डी ऐकू आला की समजायचं पाचवा बार आला, ई ऐकू आला की नववा. चालायचं सगळं.

मग तो जॅम झाला, म्हणजे ऐनवेळी जमून एकत्र वाजवणं. पुण्यातलाच एक कॅफे, नाव नको. बाबा आले होते, पहिल्यांदाच, मागच्या टेबलावर बसले होते. गाणाऱ्याने सांगितलं, स्लो ब्लूज, ए मध्ये, क्विक चेंज, इंट्रो तू घे. क्विक चेंज म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी मान हलवली. विचारायला हवं होतं, पण स्टेजवर मी एकटीच बाई आणि त्यात नवीन, आणि विचारलं असतं तर मला काही येत नाही असं झालं असतं, निदान तेव्हा मला असं वाटलं.

क्विक चेंज म्हणजे दुसऱ्याच बारला डी वर जायचं आणि तिसऱ्याला परत ए. एवढंच आहे. पण मी डोळे मिटून वाजवत होते, मला डी ऐकू आला आणि मी समजले पाचवा बार. म्हणजे एका क्षणात मी तीन बार पुढे. टेम्पो मिनिटाला साठ बीटच्या आसपास, बारला चार सेकंद, बारा बारचे ४८. पुढचा जवळपास सगळा वेळ मी चुकीच्या जागी होते आणि ते मला लगेच कळलं नाही हे सगळ्यात वाईट. तिसरा बार जरा विचित्र वाटला, चौथा बरा लागला, पाचव्याला परत काहीतरी टोचलं, मला वाटलं बेसवाला चुकतोय. खरंच असं वाटलं, मी त्याच्याकडे रागाने बघितलंसुद्धा. मग माझ्या हिशोबाने नववा बार आला म्हणून मी ई वर तार ओढून जोरात बेंड मारला, आणि ते सगळे तेव्हा सहाव्या बारमध्ये, डी वर. तो आवाज अजून कानात आहे. नंतर त्यांच्या नवव्याला माझा बारावा आला, दोन्हीकडे ई, चार सेकंद सगळं जुळलं आणि मला वाटलं सुटले. पुढच्याच बारला माझी नवी फेरी सुरू झाली, त्यांचे अजून तीन बार बाकी होते.

आणि मग गाणाऱ्याने गायला सुरुवात केली, बरोबर त्याच्या जागेवर, आणि मी अजून सोलो वाजवतेच आहे, त्याच्या पहिल्या ओळीच्या डोक्यावर. त्याने हात वर केला. बँड थांबवला नाही, फक्त स्वतः गायचं थांबवलं आणि माइकमध्ये मोजायला लागला, वन टू थ्री फोर, टू टू थ्री फोर, माझ्याकडे बघत, पूर्ण फेरीभर, लहान मुलाला पाढे म्हणून दाखवावेत तसं. लोकांना वाटलं हा गाण्याचाच भाग आहे, काहींनी टाळ्या धरल्या. मी गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर नेला. उरलेलं गाणं हात हलवत राहिले, आवाज न येता. पाच-सहा मिनिटं असेल. कोणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटत होतं.

घरी येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नंतर तुझा आवाज येत नव्हता." मी म्हटलं, साउंडवाल्याची गडबड होती. खोटं बोलले. ते म्हणाले, "बरं. पण त्याच्या आधी सम कुठे धरली होतीस तू?"

त्या माणसाने तसं करायला नको होतं, हे मी आजही म्हणते. तो नंतर म्हणाला तुला सांभाळून घेत होतो. असेलही. पण मी मोजायला लागले ती त्याच्यामुळे, हे नाकारता येत नाही आणि ते मला आवडतही नाही.

बाबांना ब्लूज माहीत नाही. महिनाभराने मी त्यांना एक रेकॉर्डिंग लावून दिलं आणि ते हातावर ताल धरून ऐकत बसले. तीन-चार फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "हा तीनताल आहे, तीन आवर्तनं." मी म्हटलं असं नसतं हो बाबा. पण गणित बघा, बारा बार चोक अठ्ठेचाळीस, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. एक बार म्हणजे एक विभाग. टाळी, टाळी, खाली, टाळी, की झाली गाण्याची एक ओळ. ब्लूजच्या कडव्यात तीन ओळी, पहिली, तीच पुन्हा, आणि तिसरी तिला उत्तर देणारी. पहिलं आवर्तन ए वर सुरू, दुसऱ्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, डी वर, तिसऱ्याची ई वर. आणि गायक साधारण दोन बारमध्ये ओळ संपवतो, मग गिटार बोलते, म्हणजे खालीच्या, तिसऱ्या विभागाच्या, आसपास आपली पाळी येते. शफल, म्हणजे ब्लूजची झुलती लय, तीसुद्धा त्यांनीच सोडवून दिली, एका मात्रेत त-कि-ट म्हण आणि मधला कि मनातच ठेव. दोन वर्षं जे पुस्तकातून वाचत होते ते त्या दुपारी अंगात शिरलं.

मग घरात तबला असून का येत नव्हतं? कारण मी घरात ऐकलं, मोजलं कधीच नाही. ठेका देणारा माणूस असतो तेव्हा खाली ऐकू येते, डग्गा गप्प होतो. इथे ड्रमर प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या बीटला स्नेअर ड्रमवर मारतो, पहिल्या बारमध्येही तेच आणि अकराव्यातही तेच. कितवा बार आहे ते तो एखादा रोल देऊन सुचवेल, नाहीतर नाही. साध्या फॉर्ममध्ये पहिले चार बार नुसता ए, त्यात खुणेला काहीच नाही. सातवा आणि आठवा पुन्हा ए. मी अजूनही हरवते ती तिथेच. घरी मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, अर्ध्या स्पीडला लावते, १२० च्या गाण्याला ६०, आणि टिकटिक दोन-चारवर आहे असं धरून वाजवते. समेवर जोर द्यायची सवय मोडायला मला वर्ष लागलं.

लगेच कोणीतरी जॉन ली हूकर या जुन्या अमेरिकन ब्लूजवाल्याचं नाव काढतं, तो कुठे मोजायचा? बरोबर, त्याचे बार कमी-जास्त व्हायचे, मनात येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा, नाहीतर बदलायचाच नाही. तसाच दुसरा ब्लूजवाला रॉबर्ट जॉन्सन, त्यानेही १९३६-३७ च्या रेकॉर्डिंग्जमध्ये बीट वाढवलेत आणि खाल्लेत. पण ते तिथे एकटे वाजवत होते. १९४८ ला डेट्रॉइटमध्ये हूकरचं पहिलं गाजलेलं रेकॉर्डिंग झालं त्यात त्याचा पाय ऐका, तो ठोका जागचा हलत नाही. आणि पुढे त्याच्याबरोबर जे वाजवायला बसले त्यांना त्याच्याकडे बघत राहावं लागायचं. चौघांत वाजवायचं असेल तर मी फीलमध्ये होते हे इतर तिघांना सांगता येत नाही.

पण तुमचं अगदीच चूक आहे असंही नाही. मोजायला लागल्यापासून माझी वाक्यं चौकटीत बसायला लागलीत. एक आला की सुरू, चार आला की बंद. जुन्या घरच्या रेकॉर्डिंग्ज ऐकते तेव्हा ती मुलगी चुकतेय हे स्पष्ट कळतं, पण तिची एखादी ओळ बारची रेघ ओलांडून अशी काही पुढे जाते की मला आज तशी वाजवता येत नाही. तिला मी काय सांगू? मोज म्हणू की नको म्हणू? दोन्ही म्हणून बघितलंय मनात.

मागच्या महिन्यात रिहर्सलला एकदा असं झालं की तिसऱ्या बारनंतर माझे आकडे थांबले आणि नवव्याला ई आला तेव्हा मी ई वर होते, बरोबर जागेवर. मधले बार कोणी मोजले माहीत नाही. आनंद व्हायला हवा होता. मी घाबरून बेसवाल्याच्या बोटांकडे बघितलं आणि पुटपुटायला लागले, दहा दोन तीन चार.