आईची सही

माझा युक्तिवाद एका मिनिटात कोसळला, आणि तो पाडला आमच्याच अशिलाने. त्याला बरेच महिने झाले. तो माणूस पोलंडमध्ये आपली दहा महिन्यांची शिक्षा भोगून एव्हाना सुटलाही असेल. माझ्या डोक्यातून मात्र ती तारीख जात नाही.

साताऱ्याकडच्या एका तालुका कोर्टात सहा वर्षं फौजदारी वकिली करून मी युरोपीय फौजदारी कायदा शिकायला नेदरलँड्सला आले. आठवड्यातले दोन दिवस अॅमस्टरडॅमच्या एका वकिलांच्या हाताखाली काम करायचे. घरी फोन केला की मामा विचारणार, "काय गं, मल्ल्याला कधी आणताय?" त्यांना सांगून थकले की मल्ल्या लंडनला, लंडन आता युरोपीय संघाच्या बाहेर, आणि भारताचं प्रत्यार्पण हा दोन सरकारांमधला मामला. तह, मंत्रालयं, पत्रव्यवहार. 2018 मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी मल्ल्याला जिथे ठेवणार त्या आर्थर रोड तुरुंगातल्या 12 नंबरच्या बराकीचा व्हिडिओ मागवला होता, तोही भर दुपारी, नैसर्गिक उजेडात काढलेला.

संघातल्या देशांमध्ये 2002 च्या कायद्याने सरकारांना बाजूलाच काढलं. एका देशातला न्यायाधीश अटक वॉरंटचा फॉर्म भरतो, दुसऱ्या देशातला तो वाचतो आणि 60 दिवसांत, अडचण आली तर आणखी 30 दिवसांत, माणूस द्यायचा की नाही ते ठरवतो. डच लोकांनी शब्दही वेगळे ठेवलेत. बाहेरच्या देशाला देणं ते 'आउटलेव्हरिंग', संघातल्या देशाला देणं ते 'ओव्हरलेव्हरिंग'. माणूस नेदरलँड्समध्ये कुठेही पकडलेला असो, संघातून आलेल्या वॉरंटची केस अॅमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयातच चालते. तीन न्यायाधीश, एकच फेरी, वर अपील नाही. हे अपील नसणं मला पहिल्या दिवशी खरंच वाटेना. आमच्याकडे निकालाचा कागद हातात पडायच्या आत अशील विचारतो, "आता वर किती खर्च येईल?"

फॉर्मला ए ते आय असे नऊ रकाने. वर्गात सगळे ई रकान्याच्या प्रेमात, कारण तिथे ती प्रसिद्ध 32 गुन्ह्यांची यादी आहे. यादीतला गुन्हा असेल आणि मागणाऱ्या देशात त्याची कमाल शिक्षा निदान तीन वर्षं असेल, तर तो इथेही गुन्हा ठरतो का हे तपासायचंच नाही. प्राध्यापक त्यावर तासन्‌तास बोलतात. आमच्या फायली मात्र डी रकान्यावर जिंकल्या-हरल्या जायच्या. आरोपी खटल्याला हजर होता का? नव्हता, तर त्याला समन्स स्वतःच्या हातात मिळालं होतं का? की दुसऱ्या मार्गाने तारीख-ठिकाण निःसंशय कळलं होतं? की त्याने वकील दिला होता? की आता नव्याने खटला चालवून मिळणार आहे? त्यातल्या एकावर खूण करायची आणि खाली सविस्तर लिहायचं. हे 'सविस्तर' कोणी लिहीत नाही. दोन ओळींत पोलिशमधून इंग्रजीत उतरवलेलं काहीतरी असतं, आणि त्या दोन ओळींवर माणसाचं वर्ष जातं.

आमच्या अशिलाने पोलंडमध्ये बांधकामावरची तांब्याची केबल चोरली होती. पोलिसांकडे आईचा पत्ता दिला, पत्ता बदलला तर कळवीन अशा कागदावर सही केली आणि कामाला इकडे आला, काचघरांत टोमॅटो तोडायला. समन्स आईच्या पत्त्यावर गेलं. आईने सही करून घेतलं. खटला त्याच्याविना चालला, शिक्षा झाली, आणि मागून वॉरंट आलं. रकान्यात खूण होती 'तारीख निःसंशय कळली होती' यावर, आणि खाली एवढंच की पत्र घरातल्या प्रौढ व्यक्तीने स्वीकारलं.

ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. अगदी असाच प्रश्न याच अॅमस्टरडॅम कोर्टाने लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारला होता. तीही पोलंडचीच केस, समन्स आजोबांनी घेतलेलं. मे 2016 मध्ये उत्तर आलं की आजोबांनी घेतलं एवढ्यावरून नातवाला कळलं असं धरता येणार नाही, त्यांनी ते खरंच पोचवलं हे सिद्ध व्हायला हवं.

सहा वर्षं मी याच्या उलट दुनियेत काढली होती. समन्स-वॉरंटचा हवालदार गावात जाणार, आरोपी 'मिळून आला नाही' असा शेरा मारणार, समन्स घरच्या माणसाच्या हाती ठेवणार, नाहीतर दारावर डकवून येणार. जुन्या कायद्यात तर घरातला प्रौढ 'पुरुष'च लागायचा. आईने घेतलेलं समन्स म्हणजे बजावणीच नाही. नव्या संहितेने तो 'पुरुष' काढला, तेव्हा आमच्या बाररूममध्ये त्यावर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

वकीलसाहेबांनी पोहोचेची प्रत मागवून घेतली. आईची सही थरथरती, रकान्याबाहेर गेलेली, शेवटचं अक्षर टपालाच्या शिक्क्यावर चढलेलं. मी टिपण लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य मला आजही पाठ आहे: आईने हे पत्र मुलाला दिलं किंवा त्यातला मजकूर सांगितला, असं वॉरंटमध्ये कुठेही नाही.

आदल्या संध्याकाळी तुरुंगाशी व्हिडिओवर बोलणं झालं. दुभाषी बाई आमच्या शेजारी बसलेल्या. अशील सहज म्हणाला, "आईने फोनवर वाचून दाखवलं होतं ना. तारीखपण सांगितली. मला वाटलं, दंडावर भागेल." वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला नीट समजावलं, की कोर्टात खोटं आम्ही बोलणार नाही, तूही बोलायचं नाही, पण प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क तुला आहे. बाईंनी ते दोनदा सांगितलं. त्याने मान डोलावली. माझ्या वाक्याला हात लागला नाही. ते शब्दन्‌शब्द खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी पत्ता कळवण्याच्या त्या कागदावर जोर दिला, की निष्काळजीपणा याचाच आहे. तो मुद्दाही त्याच 2016 च्या निकालात आहे, तेव्हा लढत बरोबरीची होती. माझं डच भाजीबाजारापुरतं, तरी वकीलसाहेब माझं टिपण मांडतायत आणि मधली न्यायाधीश लिहून घेतेय एवढं कळत होतं. मग तिने पोहोचेची प्रत अशिलापुढे ठेवायला सांगितली आणि विचारलं, "ही सही तुमच्या आईची का?"

तो वाकून बघत राहिला. अंगठा त्या सहीवरून फिरवला. हो म्हणाला.

"तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

दुभाषी बाईंनी प्रश्न पोलिशमध्ये सांगितला आणि हळूच पुढे जोडलं, की उत्तर देण्याची सक्ती नाही. खरं तर हे न्यायाधीशांनी सांगायचं. दुभाष्याने स्वतःहून बोलू नये हा नियम आहे, आणि त्यासाठी मी त्या बाईंना मनातल्या मनात हात जोडले.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "तारीख, वेळ, सगळं."

दोन आठवड्यांनी निकाल लागला, ताब्यात द्या. त्यानंतर दहा दिवसांच्या आत नेतात.

सुनावणी संपल्यावर कोठडीत त्याला भेटलो. वकीलसाहेब रागावले नव्हते, थकले होते. मीच न राहवून विचारलं, गप्प का नाही बसलास? बाई म्हणाल्या, "तो म्हणतो, पत्र मुलाला देईन असं सांगून आईने सही केली होती. मी गप्प बसलो असतो तर ती कोर्टात खोटी पडली असती."

गप्प बसण्याने ती खोटी पडली नसती, कायद्याने तरी नाही. आईने पत्र दिलं की नाही हे कोणी तिला विचारतच नव्हतं. आमचा सगळा डाव 'सिद्ध झालेलं नाही' यावर होता, 'दिलं नाही' असं आम्ही कुठेच म्हटलं नव्हतं. हा फरक त्याला आदल्या संध्याकाळी सांगायला पाच मिनिटं पुरली असती. वकीलसाहेबांनी हक्क सांगितला, बाईंनी तो पोलिशमध्ये सांगितला, आणि मी त्या वेळात माझ्या वाक्यातला एक स्वल्पविराम हलवत होते.